कॉलेजियम की सिनेट: बाजू घेण्याआधी

सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटानेच, म्हणजे कॉलेजियमने निवडावा, की अमेरिकेच्या सिनेटसारख्या, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने त्याला चारचौघांत प्रश्न विचारून मग मंजुरी द्यावी? लॉ कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांत हा विषय दर दोन वर्षांनी फिरून येतो, आणि नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या बार रूममध्ये तर तो कधी संपतच नाही. आमच्या वकील मंडळींच्या अभ्यासगटात एकदा हाच विषय निघाला. अट अशी होती की प्रत्येकाने एक बाजू धरून बोलायचं, 'दोन्हींत गुणदोष आहेत' असं म्हणून खाली बसायचं नाही. तेव्हा मला निवड करावी लागली. आता ज्यांना ती करायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. न्यायाधीशांच्या नेमणुकीचं संविधानातलं कलम १२४ काय म्हणतं, सिनेट म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

नागपूरकराने या विषयात पडण्याआधी स्वतःला एक तंबी द्यावी. आपल्याकडचा हिशोब जरा जास्तच चांगला आहे. हिदायतुल्ला इथल्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते, पुढे सरन्यायाधीश झाले. व्हिव्हियन बोस इथलेच. अलीकडे शरद बोबडे साहेब २०१९मध्ये आणि भूषण गवई साहेब २०२५मध्ये सरन्यायाधीश झाले. गवई साहेब मूळ अमरावतीचे, पण वकिली इथल्या खंडपीठात. अतुल चांदूरकर साहेबही इथेच उभे राहायचे, ते मे २०२५मध्ये दिल्लीला गेले. एवढी माणसं आपल्या गावातून वर गेली की पद्धत आपोआप गोड लागायला लागते. माझे एक मित्र कॉलेजियमच्या बाजूने बोलताना ही नावंच म्हणून दाखवतात आणि खाली बसतात. टाळ्याही मिळतात. पण हिदायतुल्ला आणि बोस यांच्या वेळी कॉलेजियम नव्हतंच, हे त्यांना कोणी विचारत नाही. माणूस आपला आहे म्हणून पद्धत बरी, हा मुद्दा वादात टिकत नाही.

कॉलेजियमची खरी ताकद वेगळी आहे, आणि तिचं मूळ १९७३ सालात आहे. २४ एप्रिलला, संसदेला संविधानाची मूळ चौकट बदलता येणार नाही असं सांगणारा केशवानंद भारतीचा निकाल लागला आणि लगेच सरकारविरुद्ध मत देणाऱ्या शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजित नाथ रे सरन्यायाधीश झाले. तिघांनीही राजीनामे दिले. १९७७मध्ये एच. आर. खन्ना यांची पाळी आली. आणीबाणीत त्यांनी एकट्याने सरकारविरुद्ध निकाल दिला होता, त्यांना डावलून एम. एच. बेग यांना नेमलं. त्या काळात वकिली करणाऱ्यांच्या तोंडून हे ऐकलं की समजतं, १९९३च्या निकालात न्यायाधीशांनी नेमणुकीचं सुकाणू स्वतःच्या हातात का घेतलं. ती सत्तेची हाव होती असं म्हणणारे आहेत. मला तो दुधाने तोंड पोळल्याचा प्रकार वाटतो. १९९८मध्ये सल्लागार मतातून सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ असा पाच जणांचा गट पक्का झाला, आणि एकमताने पुन्हा पाठवलेलं नाव सरकारने स्वीकारलंच पाहिजे हेही.

या पद्धतीत एक गोष्ट मला मनापासून पटते. निवडणाऱ्यांना कामाची पारख असते. नागपूरच्या बारमध्ये कोण ब्रीफ वाचून येतो आणि कोण ज्युनिअरच्या चिठ्ठीवर उभा राहतो, हे सगळ्यांना माहीत असतं. न्यायमूर्तींना तर आधी कळतं, कारण त्यांच्यासमोरच आमचं पितळ उघडं पडतं. हायकोर्टाच्या न्यायाधीशाचे निकाल अपिलात वर जातात, तिथले ज्येष्ठ ते वर्षानुवर्षं वाचत असतात. ही माहिती कुठल्याही समितीला चार दिवसांच्या सुनावणीत मिळणार नाही. शिवाय सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने जातं, त्यामुळे पुढे कोण येणार हे कागदावर मांडता येतं आणि तिथे कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. त्याची किंमत म्हणून १९९१मध्ये कमल नारायण सिंह १७ दिवसांचे सरन्यायाधीश होते, आणि २०२२मध्ये उदय लळित यांना ७४ दिवस मिळाले. चालायचंच.

आता अमेरिका. तिथे राष्ट्राध्यक्ष नाव देतो, सिनेटची न्यायिक समिती सुनावणी घेते आणि १०० जणांचं सभागृह मत देतं. कोणी कुठे हात वर केला ते नावानिशी नोंदलं जातं. आपल्याकडच्या लोकांना ही पद्धत माहीत असते ती टीव्हीवरच्या भांडणांमुळे, म्हणून तिचे तोटे आधी सांगतो.

पहिला तोटा आकड्यांतच दिसतो. १९८६मध्ये स्कॅलिया ९८ विरुद्ध ० ने मंजूर झाले, १९९३मध्ये गिन्सबर्ग ९६ विरुद्ध ३ ने. दोघांची विचारसरणी दोन टोकांची. मग २०१८मध्ये कॅव्हनॉ ५० विरुद्ध ४८, २०२०मध्ये बॅरेट ५२ विरुद्ध ४८, २०२२मध्ये जॅक्सन ५३ विरुद्ध ४७. म्हणजे आता मतदान जवळपास पक्षाच्या हजेरीपटावरून होतं. उमेदवार कसा आहे यापेक्षा नाव कोणी दिलं हे महत्त्वाचं. २०१७मध्ये गोरसच यांच्या वेळी चर्चा संपवून मतदान घेण्यासाठी लागणारी ६० मतांची आडकाठी काढून टाकली गेली, तेव्हापासून साधं बहुमत असलं की काम होतं.

दुसरा तोटा असा की सुनावणीत उमेदवार काही बोलतच नाही. १९८७मध्ये रॉबर्ट बोर्क पाच दिवस समितीसमोर बसले, विद्वानाच्या थाटात प्रत्येक प्रश्नाला सविस्तर उत्तर देत राहिले, आणि ५८ विरुद्ध ४२ ने पडले. त्यावरून पुढच्या सगळ्यांनी धडा घेतला. गिन्सबर्ग यांनी तर स्पष्टच सांगितलं की पुढे येऊ शकणाऱ्या प्रकरणांबद्दल त्या सूचक असंही काही बोलणार नाहीत. तेव्हापासून 'हा प्रश्न माझ्यासमोर येऊ शकतो, म्हणून भाष्य करणं योग्य होणार नाही' हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की आपल्याकडचे सरकारी वकील 'सूचना घेऊन सांगतो' म्हणतात त्याची आठवण यावी.

तिसरा तोटा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो इथे आणून पाहिला की अंगावर येतो. जॅक्सन पूर्वी सरकारी खर्चाने आरोपींचा बचाव करणाऱ्या वकील होत्या, ग्वांतानामोतल्या कैद्यांची बाजू त्यांनी मांडली होती. सुनावणीत त्यावरून त्यांना धारेवर धरलं गेलं. आता आपल्या खंडपीठाचा बोर्ड, म्हणजे रोजच्या प्रकरणांची यादी, डोळ्यांपुढे आणा. गडचिरोलीच्या नक्षल प्रकरणांतली अपिलं इथेच येतात. गोसीखुर्द धरणाच्या भूसंपादनात कोणी शेतकऱ्यांकडून उभं राहिलेलं असतं, कोणी महामंडळाकडून. उद्या एखाद्या नागपूरच्या वकिलाला दिल्लीत समितीसमोर बसवलं आणि विचारलं, 'तुम्ही अमुक आरोपीला जामीन मिळवून दिलात, खरं ना?' तर त्याने काय सांगायचं? वकीलपत्र घेणं आमचं काम आहे, हे कोर्टात समजतं. रात्री नऊच्या चर्चेत समजत नाही. त्यातून तरुण वकील अवघड माणसाचं वकीलपत्र घ्यायलाच कचरतील, ही भीती मला खरी वाटते.

एवढं सगळं लिहून झाल्यावर माझं मत कॉलेजियमकडे जाईल असं तुम्हाला वाटत असेल. सुरुवातीला माझाही कल तिकडेच होता. पण एक गोष्ट आहे, ती सांगतो.

'नाव गेलंय'

मी ज्यांच्या चेंबरमध्ये ज्युनिअर होतो, त्यांचं नाव कधीकाळी हायकोर्टासाठी गेलं होतं. आता तुम्ही म्हणाल हायकोर्टाची गोष्ट इथे कशाला. तर सर्वोच्च न्यायालयात जाणारे जवळपास सगळे हायकोर्टातूनच जातात, थेट बारमधून जाणारे बोटावर मोजण्याइतके. वरच्या पदाची चाळणी खालीच सुरू होते, आणि पद्धत त्याच मुशीतली: हायकोर्टाचं कॉलेजियम, राज्य सरकार, केंद्र, गुप्तचर खात्याचा अहवाल, मग सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम.

'सरांचं नाव गेलंय' ही बातमी बार रूममध्ये अर्ध्या दिवसात पसरते. त्यानंतर काय होतं हे ज्याने पाहिलं नाही त्याला कॉलेजियमवरचे सगळे लेख वाचूनही कळणार नाही. सरांनी लांब चालणारी मॅटर्स घेणं बंद केलं, कारण मध्येच उठून जावं लागलं तर पक्षकाराचं नुकसान. अकोला-यवतमाळचे जुने पक्षकार येऊन नम्रपणे म्हणायचे, 'सर, तुम्ही तर आता जज होणार, फाईल न्यायची म्हणतो.' फाईल द्यावी लागायची. कॅन्टीनमध्ये कोणी हसत 'माय लॉर्ड' म्हणायचं, सर कानांवर पडलं नाही असं दाखवायचे. सभा-समारंभ बंद. कुठल्याही वादात मत देणं बंद. आधी नोंदवलेल्या निकालांची यादी, आयकराचे कागद, काय काय पाठवून झालं होतं. आणि मग काहीच झालं नाही.

नकार आला असता तर बरं झालं असतं. नकारसुद्धा आला नाही. त्याच यादीतल्या दुसऱ्या दोघांचा शपथविधी झाला, तेव्हा सगळ्यांनी अंदाज बांधला की सरांचं राहिलं. कुठे राहिलं? मुंबईत, दिल्लीत, कुठल्या टेबलावर, कोणाच्या शेऱ्यामुळे? शेरा होता की नव्हता? सरांनी कधी विचारलं नाही, आणि विचारायचं तर कोणाला, हेही कोणी सांगू शकलं नसतं. मुलगी पाहून गेलेल्यांनी 'कळवतो' म्हणावं आणि पुढे कधीच कळवू नये, त्यातला प्रकार. मग हळूहळू चेंबरमध्ये फायली परत यायला लागल्या. गेलेल्या सगळ्या आल्या नाहीत. आणि गावात जी कुजबुज झाली, 'काहीतरी असेल म्हणूनच नाव अडलं', ती तर आलीच आली. त्यावर उत्तर द्यायला सरांना जागाच नव्हती, कारण आरोप कोणीच केला नव्हता.

मला ही गोष्ट खटकली ती अशी की नंतर दोन्ही पद्धती मी याच एका चष्म्यातून पाहू लागलो. एखादं नाव अडतं तेव्हा ते कोणी अडवलं, हे कळतं की नाही?

वरच्या पातळीवर पाहा. दीपांकर दत्ता आमच्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. २६ सप्टेंबर २०२२ला कॉलेजियमने त्यांची शिफारस केली, शपथ झाली १२ डिसेंबरला. चांदूरकर साहेबांची शिफारस २६ मे २०२५ची, शपथ ३० मेला. एकच हायकोर्ट, एकच कायदा, एकच सरकार, आणि एका फाईलला अडीच महिने तर दुसरीला चार दिवस. दोन्ही नेमणुका उत्तम, त्याबद्दल वादच नाही. पण अडीच महिने नेमकं काय चाललं होतं हे मला आजही सांगता येणार नाही, आणि सांगावं असं कोणावर बंधनही नाही.

२०१४ची गोष्ट आणखी पुढची. कॉलेजियमने चार नावं पाठवली. सरकारने तीन घेतली आणि ज्येष्ठ वकील गोपाल सुब्रमण्यम यांचं एकट्याचं नाव परत पाठवलं. तोवर वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल सूत्रांच्या हवाल्याने बरंच काही छापून आलं होतं. त्यांनी स्वतःच पत्र लिहून नाव मागे घेतलं. नाव असं वेगळं काढलं ते आपल्याला न विचारता, असं तेव्हाचे सरन्यायाधीश लोढा यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. म्हणजे खुद्द सरन्यायाधीशांनाही नंतरच कळलं. बोर्क पाच दिवस बोलून पडले. सुब्रमण्यम यांना बोलण्यासाठी खुर्चीच मिळाली नाही, पत्र लिहावं लागलं. दोघांपैकी अन्याय कोणावर जास्त झाला, हे मी ठरवणार नाही. पण मला विचारलं तर मी पाच दिवसांची खुर्ची घेईन.

के. एम. जोसेफ यांच्या बाबतीत निदान कारण लेखी आलं. जानेवारी २०१८मध्ये शिफारस झाली, एप्रिलमध्ये सरकारने ती परत केली, ज्येष्ठता आणि प्रादेशिक प्रतिनिधित्व ही कारणं देऊन. त्यांनी २०१६मध्ये उत्तराखंडातली राष्ट्रपती राजवट रद्द केली होती, त्याचा याच्याशी संबंध नाही असं सरकारचं म्हणणं. कॉलेजियमने नाव पुन्हा पाठवलं आणि ऑगस्टमध्ये शपथ झाली. मधल्या काळात इतर नावं त्यांच्याबरोबर आली आणि ज्येष्ठतेच्या क्रमात ते दोघांच्या खाली गेले. ज्या न्यायालयात पुढे कोण कॉलेजियममध्ये बसणार हे ज्येष्ठतेने ठरतं, तिथे ही किंमत लहान नाही.

गारलँडचं काय?

इथे माझ्या विरोधातल्या वकिलाने लगेच उभं राहावं आणि विचारावं: मेरिक गारलँड? बरोबर आहे. स्कॅलिया वारल्यावर रिकाम्या झालेल्या जागेसाठी १६ मार्च २०१६ला ओबामांनी त्यांचं नाव दिलं आणि सिनेटने सुनावणीच घेतली नाही. मतदान नाही, प्रश्न नाहीत. जानेवारी २०१७मध्ये ते नाव आपोआप रद्द झालं. २९३ दिवस. आमच्या सरांच्या गोष्टीशी हे जुळतंच.

जुळतं, पण एका ठिकाणी जुळत नाही. स्कॅलियांचं निधन ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी सिनेटमधल्या बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी जाहीर सांगितलं की ही जागा नव्या राष्ट्राध्यक्षानेच भरावी. पटो न पटो, अडवणारा माणूस समोर होता, त्याचं कारण समोर होतं. आणि चार वर्षांनी, २०२०मध्ये, त्याच नेत्याच्या सभागृहाने निवडणूक आठ दिवसांवर असताना बॅरेट यांना मंजुरी दिली, तेव्हा २०१६चं वाक्य जगभर काढून दाखवलं गेलं. अप्रामाणिकपणा होता की राजकारण, लोक अजून भांडतात. भांडता येतं, कारण बोललेलं नोंदलेलं आहे. गारलँड यांच्यावर 'काहीतरी असेल' अशी कुजबुज कोणी करू शकलं नाही. काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. पुढे ते त्या देशाचे ॲटर्नी जनरलही झाले.

तिथल्याच सर्वोच्च न्यायालयावर नेमलेल्या ब्रँडाइस यांचं १९१६चं उदाहरणही मला आवडतं. तेव्हा पहिल्यांदा समितीने उघड सुनावणी घेतली. माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्यासकट वकील संघटनेच्या माजी अध्यक्षांनी सही करून कळवलं की हा माणूस त्या खुर्चीच्या लायकीचा नाही. महिनोन्महिने चाललं, शेवटी ४७ विरुद्ध २२ ने मंजुरी मिळाली. पाच वर्षांनी तेच टाफ्ट मुख्य न्यायाधीश म्हणून आले आणि दोघं वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसले. सहीनिशी केलेला विरोध आपल्याकडच्या तोंडी शेऱ्यापेक्षा कितीतरी सभ्य असतो, असं मला तरी वाटतं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि तो दीक्षाभूमीच्या गावात टाळून पुढे जाता येणार नाही. २४ मे १९४९ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी या दोन्ही टोकांवर मत दिलं होतं. सरन्यायाधीशाची संमतीच आवश्यक करा, अशी सूचना होती. त्यावर ते म्हणाले की सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, त्याला नकाराधिकार देणं धोक्याचं. आणि विधिमंडळाची मंजुरी घ्यावी या कल्पनेवर त्यांचं म्हणणं असं की ते अवजड तर होईलच, वर राजकीय दबाव शिरेल. म्हणजे आज मी जी तुलना करतो आहे त्यातले दोन्ही पर्याय बाबासाहेबांनी बाजूला ठेवले होते. दोन्ही बाजूंचे वक्ते त्यांच्या भाषणातला सोयीचा अर्धा भाग वाचतात. तुम्ही पूर्ण वाचा. माझ्या बाजूला तो भाग अडचणीचा आहे, हे मी अभ्यासगटातही नाकारलं नाही.

फक्त एवढंच म्हणालो की त्यांनी नाकारलेल्या दोन टोकांपैकी एक टोक आपण १९९३मध्ये गाठलंच आहे. तेव्हा दुसऱ्या टोकाकडून चार गोष्टी उसन्या घ्यायला हरकत नसावी.

आणि अमेरिकेतली मारामारी इथे जशीच्या तशी येईल, हे मला तितकंसं पटत नाही. तिथे जागा नऊ, नेमणूक तहहयात, आणि सगळे एकत्र बसून निकाल देतात. एक खुर्ची बदलली की पुढची तीस वर्षं कायदा दुसऱ्या दिशेला जाऊ शकतो, मग पक्ष जिवाच्या आकांताने लढणारच. आपल्याकडे ३४ जण, निवृत्ती ६५व्या वर्षी, काम बहुतेक दोघातिघांच्या खंडपीठात. एका माणसावर कोण एवढा जीव टाकणार? उलट अडचण दुसरीच येईल: ३१ ऑगस्ट २०२१ला एका दिवशी नऊ न्यायमूर्तींनी शपथ घेतली होती. नऊ जणांच्या सुनावण्या घ्यायला कोणत्या समितीला वेळ आहे, हा खरा प्रश्न. याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही.

बाकीचे पर्याय

कॉलेजियमऐवजी आणलेल्या राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाबद्दल फार लिहीत नाही. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ, कायदामंत्री आणि दोन मान्यवर, आणि कोणतेही दोघं नकार देऊ शकणार. १६ ऑक्टोबर २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा तो रद्द केला. त्याच्या बाजूने भांडणारे मला भेटतात, पण तिथेही बैठक बंद दाराआडच होणार होती, त्यामुळे माझी तक्रार जशीच्या तशी उरली असती. विरोधी निकाल देणारे चेलमेश्वर नंतर स्वतः कॉलेजियममध्ये होते, आणि बैठकीत कोण काय म्हणालं त्याची नोंद ठेवा अशी मागणी करत त्यांनी २०१६मध्ये बैठकांना जाणं थांबवलं. आत बसलेल्यालाही तीच खंत असावी, हे बोलकं आहे.

ब्रिटनमध्ये जागा रिकामी झाली की चक्क जाहिरात येते, अर्ज मागवतात, निवड आयोग नाव देतो. मंत्र्याला नाव नाकारायचं तर लेखी कारण द्यावं लागतं. मला हे फार आवडलं, पण 'अर्ज करा' हे ऐकून आमच्या बारमधल्या ज्येष्ठांचे चेहरे जे झाले, त्यावरून इथे ते रुजायला एक पिढी जाईल. दक्षिण आफ्रिकेत आयोग उघड मुलाखती घेतो. एप्रिल २०२१च्या मुलाखतींवर इतकी टीका झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि ऑक्टोबरमध्ये मुलाखती पुन्हा घ्याव्या लागल्या. हे वाचून लोक म्हणतात, बघा, उघड मुलाखतींचा तमाशा झाला. मी म्हणतो, तमाशा झाला हे दिसलं म्हणून तर पुन्हा घेता आल्या.

आपल्याकडेही दार अगदीच बंद आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऑक्टोबर २०१७पासून कॉलेजियमचे ठराव संकेतस्थळावर येऊ लागले. गवई साहेबांच्या ८ मे २०१९च्या ठरावात तर त्यांच्या नेमणुकीने जवळपास दशकभरानंतर अनुसूचित जातीचे न्यायमूर्ती सर्वोच्च न्यायालयात येतील, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याच दिवशी अनिरुद्ध बोस आणि ए. एस. बोपण्णा ही सरकारने परत केलेली दोन नावं पुन्हा पाठवली होती, कारणांसह. या तिघांचाही शपथविधी २४ मेला एकत्र झाला. जानेवारी २०२३मध्ये काही हायकोर्ट नावांवरचे सरकारचे आक्षेपही कॉलेजियमने जाहीर केले. त्यातले सोमशेखर सुंदरेशन त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. आक्षेप उघडा पडला की किती लवकर विरघळतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अडचण एवढीच की हे उघडणं त्या त्या वेळच्या सरन्यायाधीशांच्या मनावर आहे. एखाद्या वर्षी ठरावात पानभर कारणं असतात, पुढच्या वर्षी फक्त नावं. एप्रिल २०२१मध्ये न्यायालयाने हायकोर्टांच्या नेमणुकांना कालमर्यादा घालून दिली. पुन्हा पाठवलेल्या नावाला तीन ते चार आठवडे. ती पाळली नाही तर काय, याबद्दल कोणी बोलत नाही.

तर निवड करायची असेल त्यांना माझं सांगणं असं. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती सत्ताधाऱ्यांची वाटत असेल, १९७३ तुमच्या घरात अजून बोललं जात असेल, तर कॉलेजियमची बाजू घ्या. ती लढवता येते. पण मग २०१४वर उत्तर तयार ठेवा, कारण सरकारला बाहेर ठेवलं म्हणता म्हणता फाईल दाबून ठेवायचं काम सरकारकडेच राहिलं आहे, हे समोरचा दाखवणारच. सिनेटची बाजू घेतलीत तर गडचिरोलीच्या वकिलाचा प्रश्न नक्की येईल. मी त्यावर एवढंच म्हणालो होतो की समितीने उमेदवाराच्या पक्षकारांबद्दल विचारू नये, निकालांबद्दल आणि मिळकतीबद्दल खुशाल विचारावं. हे नियमात कसं बसवायचं ते कायदा खात्यातल्या हुशार मंडळींना जास्त कळेल. न्यायमूर्तींच्या पारखीवर माझा विश्वास आहेच, नाव त्यांनीच सुचवावं. फक्त नंतर ज्याला ते नको आहे त्याने उभं राहून, नाव सांगून, नको म्हणावं.

मी त्या संध्याकाळी सिनेटच्या बाजूने बोललो. सर पहिल्या रांगेत होते. बोलून झाल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, बॅरेटच्या मतदानाची तारीख बरोबर सांगितलीस ना, २६ ऑक्टोबर? बरोबर होती.